किनारा मोकळा सोडून कासव वाचत नाही

थंडी ओसरू लागली की रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची पिल्ले वाळूतून वर येऊ लागतात. ती पाण्याकडे जाताना पाहायला मुंबई-पुण्याकडून लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात आणि पहाटे पुळणीवर जमतात. वेळासमध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाला कासव महोत्सव म्हणतात. हे संवर्धन नसून प्रदर्शन आहे, असा आक्षेप त्यावर वरचेवर घेतला जातो. त्या आक्षेपाची कलमे चार आहेत. अंडी मूळ जागेवरून काढून कुंपणात पुरणे ही निसर्गात ढवळाढवळ आहे. माणसांच्या गर्दीचा पिल्लांना त्रास होतो. पर्यटनाच्या पैशावर उभे राहिलेले संवर्धन पैसा आटताच कोसळते. आणि समुद्रात सोडलेल्या पिल्लांच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. यावरून काढलेला निष्कर्ष असा की माणसाने किनाऱ्यावरून बाजूला व्हावे आणि कासवांचे कासवांना पाहू द्यावे. चार कलमांपैकी काहींत तथ्य आहे. निष्कर्षात मात्र नाही, कारण ज्या मोकळ्या, निसर्गाधीन किनाऱ्याची त्यात कल्पना केली आहे तो किनारा कोकणात शिल्लक नाही.

आधी या प्राण्याची रीत लक्षात घ्यावी लागते. समुद्री कासवांच्या सात जाती जगात आहेत आणि त्यांपैकी पाच भारताच्या समुद्रात आढळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विणीसाठी येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले. तिची ढाल साधारण साठ-सत्तर सेंटिमीटर लांब, वजन ३५ ते ४५ किलो. मादी रात्री भरतीरेषेच्या वर चढते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा काढते आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. वाळू लोटून, अंगाच्या भाराने जागा चोपून ती तासाभरात समुद्रात परतते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. अंडी वाळूच्या उबेवर ४५ ते ६० दिवसांत उबतात. एवढे दिवस घरट्याला राखण अशी नसतेच. शिवाय येताना-जाताना वल्ह्यांचा ठसठशीत माग वाळूवर उमटतो आणि तो वाचता येणाऱ्याला घरटे नेमके कुठे आहे ते कळते.

हा माग कोकणात कित्येक वर्षे वाचला जात होता, पण खाण्यासाठी आणि विकण्यासाठी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत ऑलिव्ह रिडलेचे नाव. म्हणजे कागदावर या कासवाला वाघाइतके संरक्षण होते. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी किनारा फिरत असताना वेळासला त्यांना कासवांच्या घरट्यांची लूट दिसली. कायदा होऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. कायदा होता, पण पहाटे पुळणीवर तो बजावणारे कोणी नव्हते. संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाला हाताशी धरून घरटी शोधून राखायला सुरुवात केली. पुढे काही वर्षांनी महोत्सव आला आणि नंतर वन विभाग व त्याचा कांदळवन कक्ष यांनी हे काम इतर किनाऱ्यांवर नेले. ‘माणूस बाजूला झाला तर’ या कल्पनेची परीक्षा त्याआधीच होऊन गेली होती. संवर्धन करणारा माणूस किनाऱ्यावर नव्हता आणि तेव्हा अंडी निसर्गाच्या ताब्यात नव्हे, बाजाराच्या ताब्यात होती.

पहिले कलम अंडी हलवण्याचे. याला शास्त्रीय आधार आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पक्ष्याचे अंडे घरट्यात फिरवले तरी चालते, कासवाचे नाही. अंडे घातल्यानंतर काही तासांतच आतील गर्भ कवचाच्या आतल्या अंगाला चिकटू लागतो. त्यानंतर अंडे उलटले किंवा हिंदकळले तर गर्भ मरतो. म्हणून शक्य असेल तिथे घरटे जागेवरच राखावे आणि हॅचरी, म्हणजे अंडी पुरण्याचे कुंपण, हा शेवटचा पर्याय मानावा, हा जगभर मान्य झालेला संकेत आहे. घरटी राखणारे कोकणातील कासवमित्र पहाटेच्या आधी पुळण चालत निघतात ते याचसाठी. घरटे जितक्या लवकर सापडेल तितके हलवणे सुरक्षित. अंडी न फिरवता काढायची, मूळ घरट्यातली वाळू सोबत घ्यायची, त्याच खोलीचा आणि त्याच आकाराचा खड्डा कुंपणात करायचा, अशी ही पद्धत आहे.

हा धोका पत्करण्याचे कारण कोकणच्या विणीच्या स्वरूपात आहे. आक्षेप घेणारे बहुधा ओडिशाचा दाखला देतात. तिथे गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे लाखो माद्या काही रात्रींत एकदम किनाऱ्यावर येतात. या सामूहिक विणीला अरिबाडा म्हणतात. तिथे अंडी कोणी हलवत नाही, मग इथे कशाला, असा प्रश्न केला जातो. पण अरिबाडाचे गणितच वेगळे. एकाच वेळी एवढी अंडी घातली जातात की कुत्री, कोल्हे, पक्षी खाऊन खाऊन किती खाणार? नंतर आलेली मादी आधीच्या मादीची अंडी उकरून टाकते, तरीही पुष्कळ उरतात. संख्या हेच तिथले संरक्षण. कोकणात मादी एकेकटी येते आणि एखाद्या पुळणीवर संपूर्ण हंगामात थोडीच घरटी होतात. त्यांतले एक घरटे कुत्र्यांनी एका रात्रीत फस्त केले तर त्या किनाऱ्याच्या हंगामातला मोठा वाटा जातो. घोरपड आणि खेकडे हे अंड्यांचे नैसर्गिक शत्रू आहेत. पण आजच्या पुळणीवर टोळीने फिरणारी गावकुत्री निसर्गाने ठेवलेली नाहीत, ती माणसाच्या उकिरड्यावर वाढलेली आहेत. त्यात किनाऱ्याची धूप, धूप थांबवायला बांधलेले दगडी बंधारे आणि ऐन पुळणीपर्यंत लावलेली सुरूबने यांनी मादीला चढायला मिळणारी वाळू आखूड झाली आहे. भरतीरेषेच्या खाली घातलेली अंडी खाऱ्या पाण्याने कुजतात. असे घरटे ‘जागेवर राहू द्या’ म्हणणे म्हणजे ते बुडू द्या म्हणणे.

याच कलमाला जोडून तापमानाचा मुद्दा येतो. कासवाच्या पिल्लाचे लिंग अंड्यात ठरलेले नसते. उबवणीच्या मधल्या काळात वाळूचे तापमान किती होते त्यावर ते ठरते. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. उघड्या हॅचरीत सगळी घरटी एकाच उन्हात तापतात आणि पिढी एकाच लिंगाकडे झुकू शकते. तापमान आणखी वाढले तर गर्भच मरतात. भीती खरी आहे. पण मोकळ्या पुळणीवरची वाळूही तापते आणि तिथे सावली धरायला कोणी नसते. हॅचरीत जाळीचे छत घालता येते, तापमापक पुरून रोजची नोंद ठेवता येते, घरट्यांत अंतर राखता येते, काही घरटी मुद्दाम सावलीत घेता येतात. त्यामुळे हा मुद्दा हॅचरी बंद करण्याचा ठरत नाही, ती नीट चालवण्याचा ठरतो. जिथे हे केले जात नाही, त्या हॅचरीवर टीका व्हायलाच हवी.

दुसरे कलम गर्दीचे. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात: अंडी घालायला आलेली मादी पाहणे आणि पाण्याकडे निघालेली पिल्ले पाहणे. मादी किनाऱ्यावर चढत असताना हालचाल, आवाज किंवा उजेड जाणवला तर ती अंडी न घालताच परत फिरते. कोस्टा रिकातील ओस्तिओनाल येथे सप्टेंबर २०१५ मध्ये अरिबाडा पाहायला आलेल्यांची एवढी गर्दी उसळली की काही माद्या वाट न मिळाल्याने माघारी गेल्या. पर्यटनाने विणीचे प्रत्यक्ष नुकसान होते याचा तो धडधडीत पुरावा. पण तो पुरावा वेळासला लावता येत नाही. कोकणात मादी कोणत्या रात्री आणि कोणत्या ठिकाणी येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तिच्याभोवती गर्दी जमवणे जमतच नाही. महोत्सवाला आलेला पाहुणा पाहतो ती पिल्ले.

पिल्लांच्या बाबतीत आक्षेपाचा एक भाग मात्र पूर्णपणे बरोबर आहे. हॅचरीतल्या घरट्यांवर उबवणीचे दिवस भरत आले की टोपल्या पालथ्या घालतात. वर आलेली पिल्ले टोपलीखाली थांबतात आणि सकाळ-संध्याकाळच्या ठरल्या वेळी लोकांसमोर सोडली जातात. निसर्गात ती बहुधा रात्री, वाळू गार झाल्यावर, एकत्र बाहेर पडतात. बाहेर आल्यावर पहिले काही तास ती थांबत नाहीत, झपाट्याने पाण्याकडे जातात आणि किनाऱ्यापासून दूर पोहत राहतात. किनाऱ्यालगतच्या पाण्यात त्यांना खाणारे मासे अधिक असल्यामुळे हा वेग हाच त्यांचा बचाव. त्यासाठी लागणारी ताकद पोटात उरलेल्या बलकातून येते. टोपलीखाली धडपडण्यात ती ताकद खर्ची पडते. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून सोडल्यास तिथे मासे आणि पक्षी येऊन टपू लागण्याचीही शक्यता असते. म्हणजे ‘सकाळी सात, संध्याकाळी सहा’ ही पाहुण्याच्या सोयीची वेळ आहे, पिल्लाच्या नाही. संवर्धनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे मान्य करायलाच हवे.

मान्य केल्यावर उपायही अवघड नाही. रात्री पाळी लावून टोपल्या तपासाव्यात, पिल्ले वर येतील तशी सोडावीत आणि सोडण्याची जागा बदलत राहावी. पहाटे जी पिल्ले त्या सुमारास निघतील तीच पाहुण्यांनी पाहावीत, एकही निघाले नाही तर पाहू नयेत. पिल्ले समुद्राची दिशा क्षितिजावरच्या उजळपणावरून ओळखतात. म्हणून विजेरी, मोबाइलचा उजेड आणि फ्लॅश यांना पूर्ण बंदी हवी. पिल्लांच्या वाटेवर खोल पाऊलखुणा पडल्या तर ती त्यांत अडकतात. म्हणून दोर बांधून लोकांना मागेच थांबवायला हवे. पिल्लू हातात घेऊन छायाचित्र काढणे तर कायद्यानेही गैर आहे. हे नियम पाळणारा महोत्सव कमी हमीचा असेल, पण त्याच्यावर गर्दीचा आरोप टिकणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी वेळापत्रक बदलण्याची मागणी केली असती तर ती अचूक ठरली असती. त्यांनी पाहण्यावरच बंदी मागितली.

तिसरे कलम पैशाचे. संवर्धन निरपेक्ष असावे ही अपेक्षा शहरात बसून करणे सोपे असते. घरटे शोधायला लागणारे कसब चोराचे आणि राखणदाराचे सारखेच. फरक एवढाच की त्या कसबाला गावात मोल कशामुळे मिळते, अंडी विकून की अंडी राखून. ओस्तिओनालमध्ये या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने दिले गेले. तिथे १९८७ पासून अरिबाडाच्या पहिल्या ३६ तासांत गावकऱ्यांना ठरावीक अंडी कायदेशीर काढून विकू दिली जातात, कारण त्या वेळची बरीच अंडी नंतरच्या माद्यांकडून उकरली जाणारच असतात. त्या बदल्यात गाव किनाऱ्याची राखण करते. कोकणात असे अतिरिक्त अंडे नाही. म्हणून इथे गावाला वाटा द्यायचा तर तो पाहुण्याच्या मुक्कामातून आणि जेवणातूनच देता येतो. वेळासमध्ये पाहुणे मोठ्या हॉटेलात न उतरता घरोघरी उतरतात. त्यामुळे कासवाशी ज्यांचा थेट संबंध नाही, त्या घरांनाही घरटे टिकण्यात रस निर्माण होतो.

पैसा आटला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. पण तो सरकारी अनुदानालाही लागू पडतो. पैशावाचून चालणारी राखण कुठेच नाही. पर्यटनाचा खरा धोका दुसरीकडे आहे आणि तो गोव्याच्या मोरजीत दिसतो. मोरजी हा गोव्यातील ऑलिव्ह रिडलेच्या विणीचा महत्त्वाचा किनारा. वन विभाग तिथे घरट्यांची राखण करतो. पण त्याच पट्ट्यात शॅक, खुर्च्या, संगीत आणि रात्रभरचे दिवे यांचा रेटा सतत चालू असतो. त्या किनाऱ्यावर येणारा बहुतेक पर्यटक कासवासाठी आलेला नसतो, समुद्रासाठी आलेला असतो. कासवाचे नुकसान करतो तो असा, कासवाची फिकीर नसलेला पर्यटक. वेळासचा पाहुणा कासवासाठी येतो, म्हणून अंधार ठेवा, दूर राहा, असे त्याला बजावता येते. उद्या वेळासच्या पुळणीला लागून रिसॉर्ट आणि प्रखर दिवे आले तर मोरजीचा प्रश्न तिथेही उभा राहील. त्याविरुद्ध हत्यार आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात धरल्या आहेत. ते हत्यार उचलायला कासवावर ज्याचे पोट आहे असे गाव लागते. महोत्सव बंद केला तर तेच गाव उद्या बांधकामाच्या बाजूने उभे राहण्याची शक्यता अधिक.

चौथे कलम आकड्यांचे आणि ते सर्वांत वजनदार. सोडलेल्या पिल्लांच्या हजारांच्या आकड्याने टाळ्या मिळतात, पण त्यावरून कासवे वाढली हे कळत नाही. पिल्लांपैकी अगदी थोडी वयात येतात आणि त्याला दहा-पंधरा वर्षे लागतात. १९८७ मध्ये क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी लॉगरहेड जातीच्या कासवांचे गणित मांडले. अंडी आणि पिल्ले शंभर टक्के वाचवली तरी समुद्रातील मोठ्या कासवांचे मरण थांबले नाही तर घट थांबणार नाही, असे त्यातून निघाले. ऑलिव्ह रिडले ही वेगळी जात असली तरी तर्क तोच लागतो. अनेक वर्षे जगून वयात आलेली मादी पुढे हंगामामागून हंगाम अंडी घालणार असते. ती जाळ्यात मेली तर तिची भरपाई एका घरट्याने होत नाही.

हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर तो महोत्सवाच्या विरोधात जात नाही, ट्रॉलरच्या जाळ्याकडे जातो. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ओढजाळ्यात अडकून बराच वेळ पाण्याखाली राहिले की ते गुदमरते. यावर कासवमुक्ती साधन हा जुना उपाय आहे. जाळ्यात बसवलेल्या धातूच्या जाळीतून कोळंबी मागे जाते आणि कासव वरच्या फटीतून सुटते. थोडा माल निसटतो म्हणून मच्छीमार ते वापरायला नाखूश असतात आणि त्यांच्या नुकसानीचा विचार न करता काढलेला हुकूम पाळला जात नाही. ओडिशात विणीच्या किनाऱ्यांजवळ नोव्हेंबर ते मे या काळात २० किलोमीटरपर्यंत ट्रॉलरला बंदी असते. महाराष्ट्रात मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. ती माशांच्या विणीसाठी आखलेली आहे. कासवांच्या माद्या नोव्हेंबर ते मार्च या काळात किनाऱ्याजवळ असतात, म्हणजे जाळी जोरात चालू असताना. महाराष्ट्राने २०१८ पासून एक चांगली तरतूद केली: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पण जाळे ओढेपर्यंत कासव जिवंत असले तरच तिचा उपयोग. चेन्नईच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२५ मध्ये शेकडो मेलेली ऑलिव्ह रिडले वाहून आली. त्यांना महोत्सवाला आलेल्या पर्यटकांनी मारले नव्हते.

पुळणीवर चालणाऱ्या माणसाचा आणखी एक उपयोग, कासवांच्या प्रवासाची माहिती मिळण्याचा, आक्षेपात मोजलाच जात नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला उपग्रह टॅग लावून तिचे नाव प्रथमा ठेवले गेले. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालणाऱ्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची खूण सापडली. ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती. एकदोन माद्यांवरून नियम होत नाही. पण पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांची कासवे एकमेकांपासून तुटलेली आहेत असे मानून कोकणची थोडी घरटी नगण्य ठरवणे आता सोपे राहिले नाही. किनारा मोकळा सोडला असता तर ती खूण वाचायला कोणी नसते.

म्हणून मागण्या बदलायला हव्यात. पिल्ले पाहुण्यांच्या वेळेवर नव्हे, वर येतील तशी सोडावीत. जिथे कुत्री आणि भरती यांपासून घरटे जागेवर राखता येते तिथे ते हलवू नये. हॅचरीतल्या तापमानाच्या, न उबलेल्या आणि मेलेल्या अंड्यांच्या नोंदी सोडलेल्या पिल्लांच्या आकड्यांसोबतच जाहीर व्हाव्यात. विणीच्या पुळणीवर दिवे आणि नवी बांधकामे येऊ नयेत. आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात विणीच्या किनाऱ्यांसमोरच्या पाण्यात ओढजाळ्यांवर मर्यादा यावी, मच्छीमारांना त्याचा मोबदला देऊन. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी हॅचरी चालवणाऱ्यांच्या हातात आहेत, उरलेल्या दोन सरकारच्या. या पाचही मागण्यांमागे जोर लावायला किनाऱ्यावर माणसे असावी लागतात, आणि ती माणसे कोकणात आज कासव पाहण्याच्या निमित्तानेच तिथे टिकून आहेत.